पोटावरची वेल

माझं पोट कापायचं ठरलं ते जनावरांच्या छावणीत, आणि ठरवताना मला कोणी विचारलं नव्हतं.

दुष्काळाचा तो सलग दुसरा उन्हाळा. धारूरच्या घाटाखाली आमचं गाव. विहिरी खडखडीत, बोअरमधून नुसती हवा यायची, आणि शेजारच्या जिल्ह्याला तर आगगाडीनं पाणी आणायची वेळ आली होती. गावच्या सोसायटीनं माळावर छावणी उघडली. माझे मालक सोसायटीचे चेअरमन, शिवाय साखर कारखान्याचे संचालक. त्यामुळे पहिल्या गाईला कुंकू लावून चारा घालायचा मान माझा. मी इरकल नेसून, डोक्यावर पदर घेऊन गेले. दुसऱ्या मुलीच्या बाळंतपणानंतर माझं पोट सुटलं होतं ते कधी परत आत गेलं नाही, निऱ्यांवरून खाली ओघळायचं. वाकून चारा घालताना कोणीतरी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी बीडच्या पेपरात छापून आला. एका बाजूला फासळ्या निघालेली गाय आणि तिच्यासमोर माझं पोट.

विरोधी पॅनलच्या एका पुढाऱ्यानं हॉटेलात चहा पिता पिता पेपर उघडला आणि म्हणाला, "छावणीची पेंड कुठं मुरतीय ते दिसलं की राव." एवढंच. संध्याकाळपर्यंत ते वाक्य सगळ्या छावणीत फिरलं, रात्रीपर्यंत तालुक्यात. मालक घरी आले, ताटावर बसले आणि न जेवता उठले.

"तुझं पोट मला नडणार बघ," ते म्हणाले. "लोक दुष्काळात पोटाकडंच बघत्यात."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. नवऱ्याला बायकोचं पोट दिसायला एवढा काळ लागला, तेही पेपरात. दोन पोरी ज्या पोटातून काढल्या त्याच्याकडे या माणसानं कधी डोळा वर करून पाहिलं नव्हतं. पण त्या वर्षी कारखान्याचा बॉयलर पेटवायची पूजा आमच्या वाट्याला येणार होती. दरवर्षी एक संचालक आणि त्याची बायको पाटावर बसतात, पूजा करतात, मोळी टाकतात, फोटो निघतात. तो मान एकदा मिळाला की पुढच्या निवडणुकीत चेअरमनपदाला नाव लागतं. मालकांना तो फोटो डोळ्यांसमोर दिसत होता आणि त्या फोटोत माझं पोट मावत नव्हतं.

दुसऱ्या एका संचालकाच्या बायकोनं पुण्यात पोट उतरवून घेतलं होतं. तिथला डॉक्टर कळला. मी नको म्हणाले. मी भाकरी कमी खाते, चालायला जाते, काय ते करते म्हणाले. मालक म्हणाले, "हंगामाला वेळ कुठाय?"

खरा प्रश्न ऑपरेशनचा नव्हता, घरी काय सांगायचं हा होता. गावात हंड्यावरून डोकी फुटत असताना चेअरमननं बायकोची चरबी काढायला पुणं गाठलं, हे कळलं असतं तर लोकांनी छावणीच पेटवून दिली असती. मालकांच्या आईला सांगायची तर सोयच नव्हती. गाडीत मालक सारखे विचार करत होते. अपेंडिक्स म्हणावं तर त्याला एवढा मुक्काम लागत नाही. गाठ म्हणावं तर कसली म्हणून विचारतात. नगर मागे पडलं तेव्हा त्यांना सुचलं.

"पिशवी काढली म्हणून सांगू. कोण इचारतंय?"

आणि खरंच कोणी विचारलं नाही. आमच्या भागात गर्भपिशवी काढली म्हटलं की समोरची बाई नुसती मान हलवते आणि आपली कधी काढली ते सांगते. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांत तर तिशीच्या आत बायका मोकळ्या होतात. पाळीत दुखतं, अंगावरून जातं, फडात खाडा पडला की मुकादम बोलतो, आणि दवाखान्यात गेलं की सांगतात काढून टाका, कटकट नको. बरेच मुकादम तर अशीच बाई बघतात. त्या बायकांनी जीव जाळून मिळवलेलं दुखणं आम्ही आमची लाज झाकायला उचललं. मला तेव्हा ते हुशारीचं वाटलं होतं, हेही सांगून टाकते.

पुण्यात डॉक्टरनं मला आरशासमोर उभं केलं आणि पोटावर निळ्या पेनानं रेघा मारल्या. एका खुब्यापासून दुसऱ्या खुब्यापर्यंत कापलं, मधलं काढून टाकलं, वरची कातडी खाली ओढून शिवली. बेंबीसाठी नवीन भोक पाडलं. आईच्या पोटातून आणलेली तेवढी एक खूण, तिलाही जागा बदलून दिली. शुद्धीवर आले तेव्हा मालक डॉक्टरला विचारत होते, काढलेलं कुठं टाकता म्हणून.

घरी आले. मालकांनी आत्याबाईंना सांगितलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या सुपात ज्वारी पाखडत होत्या. हात थांबला, माझ्याकडे पाहिलं, मग परत सूप हललं.

"झालं ते झालं," त्या म्हणाल्या. "पोरगा तेवढा ऱ्हायला."

बाकी गावानं मान हलवली. शेजारणी भेटायला आल्या, आपापल्या तारखा सांगून गेल्या. आणि दिवाळीच्या तोंडावर कारखान्यानं जाहीर केलं की क्षेत्रात ऊसच नाही, यंदा गाळप बंद. बॉयलर पेटलाच नाही. पूजा नाही, पाट नाही, फोटो नाही. मी मात्र पोट बांधून पडले होते आणि मला हसू येत होतं. हसलं की टाके दुखायचे, म्हणून हळूहळू हसले.

हसू फार दिवस टिकलं नाही, कारण महिन्याभरात मला पाळी आली.

आत्याबाईंचं सोवळं तालुक्यात प्रसिद्ध होतं. लग्न होऊन आले तेव्हापासून कावळा शिवला की मी ओट्याच्या कोपऱ्यात पोत्यावर बसायची. वेगळा तांब्या, वेगळं ताट. मी घाटनांदूरची, अंबाजोगाईच्या कॉलेजातून बी.ए. झालेली, मला त्या पोत्याची चीड यायची. माहेरी गेले की मैत्रिणींना नकला करून दाखवायची. आता पिशवी काढलेली बाई म्हटल्यावर पोतं सुटलं. आत्याबाईंनी स्वतः ते घडी घालून कोठीत टाकलं.

"आता तू बारमाही सोवळी," त्या म्हणाल्या. "देवाचं सगळं तुझ्याकडं."

मग सुरू झालं. पहाटेची पूजा मी. सणाचा पुरणाचा नैवेद्य मी. कुळधर्म मी. पापड, कुरडया, लोणचं, ज्याला ज्याला विटाळाची बाई चालत नाही ते सगळं मी. आधी घरात कामाला दोघी होतो, आता आत्याबाई पाटावर बसून सांगायच्या आणि मी करायची. स्वयंपाकाला बाई ठेवायची ऐपत होती, पण परक्या हातचं त्यांना चालत नव्हतं. गल्लीतल्या बायकासुद्धा मला उसनी मागून न्यायला लागल्या. "तुमची सून द्या की उद्याच्याला, शेवया करायच्यात. तिला काय अडचण न्हाई." आत्याबाई अभिमानानं मला पाठवायच्या.

आणि मला दर महिन्याला येत होती. वेळेवर, भरपूर, पोटात पिळा घालून. वरून टाके ओढायचे, आतून मुरडा. तशात कढईपुढे उभं राहून पुरणपोळ्या लाटायच्या आणि कोणी बघितलं तर हसायचं. कापूस लपवायचा कुठं, टाकायचा कुठं, हीच डोक्याला काळजी. गावात टँकर एक दिवसाआड, पाण्याचा तांब्या मोजून. शेवटी पहाटे सगळे उठायच्या आत चुलीत शेण्यांखाली जाळायची युक्ती सापडली. विटाळ-बिटाळ मी मानत नव्हतेच, देवाची भीती मला एका दिवशीही वाटली नाही. मला वाईट वाटायचं ते पोत्याचं. ज्याच्या मी नकला करत होते त्या पोत्यावरच बाईला या घरात पाठ टेकता येत होती, हे पोतं गेल्यावर कळलं. महिन्यातले चार दिवस कोणी हाक मारत नव्हतं, कोणी काही मागत नव्हतं. फडातल्या बायकांचा खाडा मुकादमानं बंद केला होता आणि माझा आत्याबाईंनी.

मालकांना मी म्हणायची, आईला खरं सांगा. ते म्हणायचे, निवडणूक होऊ दे. आणि दुसरं एक म्हणाले, तेही एकदाच, पण पुरलं. पाण्याअभावी माझे टाके नीट धुतले गेले नव्हते, पहिल्याच महिन्यात मी हंडे उचलले होते, त्यामुळे जखम पिकली आणि वण जाड झाला. जागोजागी गाठी आलेला, जांभळट, खुब्यापासून खुब्यापर्यंत. मालकांनी तो दिव्याच्या उजेडात पाहिला आणि तोंड फिरवलं.

"याच्यापरीस पोट बरं होतं," ते म्हणाले आणि त्या दिवसापासून ओसरीवर झोपायला लागले.

मी हिशेब केला. मुलगा झाला असता तर पिशवीची थाप आपोआप उघडी पडली असती आणि आत्याबाईंचं तोंडही बंद झालं असतं. या घरातली माझी जागा त्या एका गोष्टीवर टिकून होती. आणि मालक ओसरीवर झोपत असताना मुलगा काय कारखान्यातून आणायचा होता? म्हणून वर्षभरानं मालकांनीच जेव्हा सांगितलं की औरंगाबादला एक जण वणावर टॅटू काढून तो झाकून देतो, तेव्हा मी लगेच हो म्हणाले. "ते झाकलं की मग बघू," असं ते म्हणाले होते. या 'बघू'वर मी गेले.

मॉलच्या वरच्या मजल्यावर दुकान होतं, थंडगार. कानात बाळ्या घातलेला एक तरुण होता. परक्या पुरुषापुढे पोट उघडं करून पडायचं म्हणून मालक खुर्ची ओढून शेजारी बसले. तरुणानं हातमोजे चढवले, वणावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "जाड आहे. रंग एकसारखा बसत नाही यावर. दोन बैठका लागतील." मालक म्हणाले, "कसं बी करा, पर दिसलं न्हाई पायजे." चित्रांचं पुस्तक मालकांनीच चाळलं. एक वेल पसंत केली. पानं, कळ्या, फुलं, एका खुब्यापासून निघून दुसऱ्या खुब्यापर्यंत. मला कोणती आवडली हे विचारायचं त्या दोघांपैकी कोणालाच सुचलं नाही.

काम मात्र त्यानं जीव लावून केलं. जिथं वणाची गाठ होती तिथं फूल काढलं, म्हणजे उंचवटा पाकळ्यांचा वाटावा. जिथं वण खोल होता तिथं गर्द पान. सुई काही जागी लागतच नव्हती, कारण ऑपरेशननं कातडी मुकी झाली होती, आणि मधेच बोटभर जागा अशी यायची की डोळ्यांतून पाणी निघायचं. मालक तेव्हा फोनवर छावणी तपासायला आलेल्या साहेबाशी गोड बोलत होते. दुसरी बैठक महिन्यानं झाली. खपल्या पडल्यावर मी आरशात पाहिलं आणि खरं सांगते, मला ती आवडली. दोन हातांवरून बघितलं तर वण म्हणून काही दिसत नव्हतं. बोट फिरवलं तरच कळायचं. कितीतरी दिवसांनी मला माझं पोट बघवलं.

त्या रात्री मी मालकांना आत बोलावलं. ते आले, पाहिलं, आणि हसायला लागले. थांबेचनात.

"ट्रॉलीमागं रंगवत्यात तसं दिसतंय," ते म्हणाले. "खाली 'हॉर्न वाजवा' तेवढं लिहायचं ऱ्हायलं."

ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांच्या मागच्या फळीवर अशा वेली रंगवलेल्या असतात, आमच्याकडे सगळ्यांनी बघितल्यात. हसत हसतच ते ओसरीवर गेले. मला त्या क्षणी त्यांचा खून करावासा वाटला. आजही कधीकधी वाटतं.

पुढच्या उन्हाळ्यात घरात कुजबूज सुरू झाली. आत्याबाईंचे भाऊ येऊन जायला लागले. मी गेले की बोलणं थांबायचं. मग थोरल्या मुलीनंच विचारलं, "आई, पप्पांचं लगीन हाय का?" शाळेत पोरं तिला चिडवत होती. घाटावरच्या एका गावातली मुलगी बघितली होती. आईबाप ऊसतोडीला जाणारे, सलग दुष्काळानं मोडलेले. दुसरेपणावर द्यायला ते तयार झाले ते एकाच अटीवर, पहिलीला मूल होणारच नसेल तर. पहिलीची तर पिशवीच नाही, हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं. कायद्यानं असं करता येत नाही हे मला बी.ए.ला शिकवलं होतं. पण आमच्याकडे देवळात माळ घालून आणतात, आणि पहिलीला पोरी सांभाळायला आणि भाकरी थापायला ठेवतात.

मालकांना विचारलं तर म्हणाले, "आईची इच्छा हाय." मी म्हटलं, तुम्हाला तर खरं ठाऊक आहे. ते म्हणाले, "मला ठाऊक असून काय उपेग? गावाला न्हाई."

मग मी आत्याबाईंकडे गेले. त्या गहू निवडत होत्या. मी समोर बसले.

"आत्याबाई, माझी पिशवी जागेवर हाय. ते ऑपरेशन पोट कमी करायचं होतं. मला दर महिन्याला पाळी येती."

त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "ठाव हाय मला."

मला वाटलं त्यांनी ऐकलंच नाही. "कवापासून?"

"पैल्या महिन्यापासून. चुलीत कापूस जळला की वास येतो, बाई. मी काय आंधळी हाय?"

"आन तुमी मला नैवेद्य करू दिला? देवाला शिवू दिलं?"

"देवाला मी सांगीन तेवढंच कळतं," आत्याबाई म्हणाल्या. "तुला दोन्ही पोरीच झाल्या. पुना तिसरी झाली असती. तुझी पिशवी असून नसून सारखीच हाय. तुमी नवराबायकोनंच आपल्या तोंडानं सांगितलं, पिशवी न्हाई म्हणून. मी कशाला हाय म्हणू?" आणि सूप माझ्याकडे सरकवलं. "हे घे, उरलेलं निवड."

मी निवडले. हात चालत होते आणि डोक्यात जाळ. इतकी वर्षं ज्या सोवळ्याच्या नावानं त्यांनी गावाला धाक लावला, त्याच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. घरातल्या प्रत्येकाला खरं माहीत होतं आणि प्रत्येकाला खोटं सोयीचं होतं. बोलून उपयोग नव्हता. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाच दाखवायला हवं होतं, तेही एक अक्षर न बोलता, नाहीतर नवरा आणि सासू मला वेडी ठरवून मोकळे झाले असते.

मुलगी दाखवायला ते लोक आमच्याकडेच आले. आई, मामा आणि मुलगी. मी चहा करावा, पाणी द्यावं, म्हणजे पहिली बायको राजीखुशी आहे हे त्यांना दिसावं, असा बेत होता. सकाळी लवकर मी कोठीतून पोतं काढलं, झटकलं आणि ओट्याच्या कोपऱ्यात अंथरून त्यावर बसले. शेजारी वेगळा तांब्या, पालथं ताट. केस मोकळे सोडले. त्या दिवशी मला पाळी नव्हती. दोन वर्षं खरी लपवली, तर एक खोटी दाखवायला काय हरकत आहे, असं मी मनाशी म्हटलं.

आत्याबाई बाहेर आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. "ऊठ," त्या दातओठ खाऊन म्हणाल्या. मी उठले नाही. तेवढ्यात पाहुण्यांची रिक्षा दारात थांबली. आता त्यांना मला ओढूनही उठवता येईना. बाजूला बसलेल्या बाईला शिवायचं, तेही चारचौघांत, आत्याबाईंनी? मालक मामाला घेऊन लिंबाखाली खुर्च्या टाकून बसले, बायका ओसरीवर आल्या. मुलीची आई पस्तिशीची असेल, दिसायला पन्नाशीची. हाताला उसाच्या पाचटानं कापल्याच्या रेघा. तिनं मला पाहिलं, पोतं पाहिलं, तांब्या पाहिला.

"या कोण? बाजूला बसल्यात का?"

"सून हाय थोरली," आत्याबाई घाईनं म्हणाल्या. "पिशवी काढल्यापसून डोस्क्यावर परिणाम झालाय. मधनंच अशी जाऊन बसती. पाळी कुठली आलीय तिला."

लिंबाखालच्या पुरुषांकडे पाठ करून मी उठले, त्या बाईला जवळ येण्याची खूण केली आणि साडीची गाठ ढिली करून पोट उघडं केलं. ती ओट्याच्या कडेला आली. दोन हातांवर थांबली, पुढे आली नाही. सकाळचं ऊन थेट वेलीवर पडलं होतं. तिनं वाकून, डोळे बारीक करून, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"ह्यात टाका कुठं हाय?" ती म्हणाली.

"फुलाखाली हाय," आत्याबाई म्हणाल्या. "हात लावून बघ की."

"विटाळाच्या बाईला हात लावू व्हय? जाताना देवीला जायचंय मला." तिनं आपलं लुगडं बाजूला केलं. बेंबीखाली वीतभर काळा चर होता. "पिशवी काढल्यावर ह्यो असा ऱ्हातो. जल्मात जात न्हाई. हिच्या पोटाला तर सुई बी लागलेली न्हाई. तुमी लावा हात, तुमी लावून सांगा."

आत्याबाईंच्या सोवळ्याची ख्याती त्या बाईच्या गावापर्यंत पोचलेली होती. त्या हलल्या नाहीत. हात तसाच पदराशी धरून उभ्या राहिल्या. त्यांच्या देवाला त्या सांगतील तेवढंच कळत असेल, पण माणसांना डोळे होते.

बाईनं पोरीला दंडाला धरून उठवलं. "पिशवी असलेल्या बाईवर मी पोर न्हाई देत. उद्या हिला पोरगा झाला तर माझ्या पोरीनं काय शेण काढायचं जलमभर?" मग माझ्याकडे वळून, वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, "आन बाई, तुमी बी लई हौशी. माणसं पाण्यावाचून मरायलीत आन तुमी पोटावर फुलं काढून घेता."

दाराशी जाऊन ती थुंकली. माझ्या आयुष्यात मला कोणाचा एवढा राग आला नाही, आणि माझं घर तिनंच वाचवलं. त्या पोरीनं जाताना वळून माझ्याकडे पाहिलं होतं. तिचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही.

आठवड्याच्या बाजारात ही गोष्ट पिकली. चेअरमनच्या घरचं पिशवीचं ऑपरेशन झालंच नव्हतं, मग पुण्याला काय करायला गेले होते, इथपर्यंत लोक पोचले. मालक निवडणुकीत पडले. परत कोणी मुलगी द्यायला तयार झालं नाही. मला मुलगा झाला नाही, कारण मालक ओसरीवरून आत आले नाहीत, आणि नंतर नंतर मीही दार ओढून घ्यायला लागले.

त्या दिवशी पाहुणे गेल्यावर आत्याबाई बराच वेळ आत गेल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "झालं ना तुझ्या मनासारखं? ऊठ आता, सैपाकाचं बघ."

"कशी उठू?" मी म्हटलं. "चार दिवस व्हायचेत."

चार दिवस त्यांनी स्वयंपाक केला. माझं ताट लांबून सरकवलं. त्यांना ते मोडता येत नव्हतं, कारण आता सगळं गाव बघत होतं. पुढच्या महिन्यात मी परत बसले, त्याच्या पुढच्या महिन्यातही. तेव्हापासून एकही महिना मी सोडलेला नाही. थोरली आता बीडला क्लासला असते. घरी आली की मला पोत्यावर बघून तिचं डोकं फिरतं. "आई, तू शिकलेली ना गं? माझ्या मैत्रिणींना काय सांगू मी?" मी तिला म्हणते, सांग, आमची आई फार सोवळं पाळते.

गेल्या दिवाळीपासून माझी पाळी बंद झाली आहे. हे घरात मी कोणाला सांगितलेलं नाही. दर महिन्याला ठरल्या दिवशी मी पोतं अंथरते, केस मोकळे सोडते आणि भिंतीला पाठ टेकून बसते. परक्या हातचं आत्याबाईंना अजून चालत नाही. त्यांची कंबर वाकली आहे, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, चुलीपुढे बसल्या की उठायला भिंत धरावी लागते. धुरानं खोकत खोकत त्या माझ्यासाठी भाकरी थापतात आणि ताट माझ्याकडे सरकवतात. करपली असेल तर मी सांगते, दुसरी टाका.